दुपारची झोप

आमच्या बेंगळुरूच्या भाड्याच्या घरात बेडरूमच्या छताला पंख्याचा सोडून आणखी एक हूक आहे. घर बघायला आई सोबत होती. स्वयंपाकघराच्या आधी तिला तो हूक दिसला. मिरजेहून आणलेली आपली जुनी सुती साडी दुहेरी करून तिनं झोळी बांधली. लेक तेव्हा दोन महिन्यांची होती. पुढे दीड वर्ष ती दुपारी त्या झोळीतच झोपली. गादीवर नाही, मांडीवर नाही, गाडीत तर नाहीच.

मग वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आईला परत जावं लागलं, आणि त्याच महिन्यात माझं घरून काम करणंही संपलं. नवऱ्याची नोकरी फिरतीची. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, अशी कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. आमच्या ऑफिसात आम्ही एकोणीस जण. घराजवळ एक पाळणाघर मिळालं. तिथे बारा मुलं एका खोलीत ओळीनं सतरंज्यांवर झोपत. पहिला आठवडाभर माझी लेक उरलेल्या अकरांना झोपू देत नव्हती. शुक्रवारी तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "अजून पंधरा दिवस बघू. नाहीतर तुम्ही तिला साडेबाराला घेऊन जा." साडेबाराला घेऊन जायचं म्हणजे नोकरी सोडायची. ते त्या बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

मी आठवडाभर रजा काढली. ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वरणभात, हातपाय धुणं, अंगाईची चाल, गालाला साडीचा पदर, हा क्रम तोच ठेवायचा. पहिले दोन दिवस झोळी होती, पण झोका नाही. खूप रडली. तिसऱ्या दिवशी झोळी सोडून साडी गादीवर अंथरली. चौथ्या दिवशी गादी हॉलमध्ये आणली. पडदे उघडे, कुकरच्या शिट्ट्या चालू. पाचव्या दिवशी साडी घेऊन शेजारच्या तमिळ पाट्टींकडे गेलो. त्यांना बघताक्षणी कळलं. "आमच्याकडे तूळि म्हणतात," त्या म्हणाल्या. लेक त्यांच्या फरशीवर पाऊण तास झोपली. मी दारात चपलांपाशी बसून राहिले.

पण अख्खी साडी पाळणाघरात कशी पाठवणार? आईला फोन केला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पदराकडून काप. काठासकट घे, नाहीतर सुटत जाईल." कात्री लावताना मलाच रडू आलं. लेक तुकडा डोक्यावर घेऊन 'भॉक' करत होती.

तुकडा पिशवीत घालून तिला पुन्हा पाळणाघरात सोडलं. चौथ्या दुपारी फोनवर फोटो आला. ती पालथी, गाढ झोपलेली. संध्याकाळी पाहिलं तर तुकडा पिशवीत घडी घातलेलाच. तिथल्या अक्का तिच्या पाठीवर थोपटत म्हणायच्या, "मलक्को, कंदा, मलक्को." मला आधी कांदाच ऐकू आला होता. कंदा म्हणजे बाळ. एवढा खटाटोप करून शेवटी माझ्या एकाही वस्तूशिवाय ती झोपली होती. नोकरी वाचली होती, तरी आनंद व्हायला मला रात्र झाली.

पुढच्या महिन्यात राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरजेला निघालो. घटप्रभा मागे पडल्यावर चहावाल्यांच्या आरोळ्यांत ती बर्थवर आपली आपण झोपून गेली.

मिरजेत आईनं दुसरी साडी काढून झोळी बांधून ठेवली होती. दुसऱ्या दुपारी लेकीला तिच्यात घातलं, तर ती उतरली, सतरंजीवर पालथी पडली आणि आजीचा हात ओढून आपल्या पाठीवर घेतला. "मक्को," ती म्हणाली.

आईला अर्थ सांगावा म्हणून मी तोंड उघडलं. पण तिचा हात केव्हाच थोपटू लागला होता. "मलक्को, कंदा," ती म्हणत होती, अगदी सराईतपणे. माझी आजी, म्हणजे आईची आई, अथणीकडची. मी तिला पाहिलेलं नाही. आईच्या तोंडून कानडी मी कधीच ऐकलं नव्हतं.

"सासरी हसायचे," तिनं हळूच सांगितलं. "मग सोडून दिलं."

रिकामी झोळी वाऱ्यानं जराशी हलत होती. "झोपली," आई म्हणाली. हात मात्र तिनं काढला नाही.