जुलैतले रातकिडे

जुलैच्या एका रात्री मी घराच्या पायरीवर बसून बूट काढत होतो आणि रातकिडे ओरडत होते. पिंपळगावला आमच्या मळ्यात ओरडायचे तसेच, एकसुरी, किर्र. एक बूट काढून झाला, दुसऱ्याची नाडी सोडताना हात थांबला. पारा शून्याखाली पाच होता. पायरीवरचं दव गोठून पांढरं झालं होतं. न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोत भर हिवाळ्यात रातकिडा येणार कुठून? ही दारात उभी होती. तिला विचारलं, "तुला काही ऐकू येतंय का गं?" ती थोडा वेळ कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काहीच नाही रे. किती शांत आहे."

तो आवाज माझ्या कानातला होता. त्या संध्याकाळी मी पॉइंट टू टू रायफलने साठेक गोळ्या झाडल्या होत्या, कानाला काहीही न लावता. कानावर मफ चढवले की झुडपातली खसखस ऐकू येत नाही म्हणून ते यूटमध्येच, म्हणजे शेतावरच्या पिकअप गाडीतच, ठेवले होते. पॉइंट टू टूचा आवाज तो काय, असंही वाटायचं. लहानपणी दिवाळीत सुतळी बॉम्ब हातभर अंतरावर फोडलेले. पण रायफलचा आवाज सुमारे एकशे चाळीस डेसिबलपर्यंत जातो, आणि अशा क्षणिक धडाक्याने कानाला कायमची इजा होऊ शकते ती याच पातळीच्या आसपास. दोन दिवसांनी किरकिर कमी झाली, पण पूर्ण कधीच गेली नाही. आजही रात्री उशीवर डोकं टेकवलं की डाव्या कानात एक रातकिडा असतो.

मी अलेक्झांड्राजवळच्या एका द्राक्षमळ्यात काम करतो. नाशिकला आपण वर्षाला दोन छाटण्या घेतो. इथे एकच, तीही कडाक्याच्या थंडीत, आणि त्याच दिवसांत हिरवं काही उरलं नाही की ससे नव्या वेलींवर तुटून पडतात. बुंध्याची साल गोल कुरतडली की वेल वाळते. दोन वर्षं जोपासलेली वेल एका रात्रीत जाते. हा प्राणी इथला नाही. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी तो खाण्यासाठी आणि शिकारीसाठी आणला. पुढे तो इतका माजला की त्याला आवरायला १८७६ साली कायदा करावा लागला. १९९७ मध्ये काही शेतकऱ्यांनी बेकायदा एक विषाणूही आणून सोडला. दहा ससे एका मेंढीचं गवत खातात, असा इथल्या शेतकऱ्यांचा हिशेब आहे.

आमचं घर माळकरी. जीव मारणं मला सोपं गेलं नाही, आणि आईला हे सांगायला मला वर्ष लागलं. ती फोनवर बराच वेळ गप्प राहिली. मग तिने एवढंच विचारलं, "तडफडत तर नाही ना रे?" त्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वेळी "नाही" असंच असलं पाहिजे, हे मी तेव्हाच ठरवलं.

परवाना मिळवायला परीक्षा झाली, बंदुकीची तिजोरी पाहायला माणूस घरी येऊन गेला, हिला वेगळ्या खोलीत बसवून माझ्या स्वभावाबद्दल विचारलं गेलं. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत एक्कावन्न माणसं मारली गेली, त्यानंतर इथले कायदे कडक झाले, आणि मला ते योग्यच वाटतात. सप्रेसरला, म्हणजे नळीच्या टोकाला लावायच्या आवाज दाबणाऱ्या नळकांड्याला, मात्र इथे वेगळा परवाना लागत नाही. शेतावर बंदूक वापरणाऱ्याने तो लावणं म्हणजे शेजाऱ्यांची आणि स्वतःच्या कानांची काळजी घेणं, असं इथे मानतात. माझा मेव्हणा टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडे याच वस्तूसाठी १९३४ च्या कायद्याने दोनशे डॉलरचा कर होता, वर बोटांचे ठसे आणि फोटो. १ जानेवारी २०२६ पासून कर शून्य झाला, कागदपत्रं तशीच राहिली.

मला सप्रेसरची घाई होती. मुलगी चार महिन्यांची होती आणि घर मळ्याला लागून. बार झाला की ती झोपेतच दोन्ही हात फेकून दचकायची आणि पुढे तासभर रडायची. म्हणून एका दुकानात गेलो आणि "पॉइंट टू टूसाठी सर्वांत कमी आवाजाचा द्या" म्हणालो. विक्रेत्याने दिला. कोणती रायफल, नळीला आटे कोणते, गोळी कोणती वापरता, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. मलाही ते सांगायचं सुचलं नाही.

घरी आणून नळीवर बसवायला गेलो तर दीड फेरा फिरला आणि अडकला. मी जोर लावणार तेवढ्यात शेजारच्या काकांनी माझं मनगट धरलं. त्यांची जर्दाळूची आणि चेरीची बाग आहे, वय एक्काहत्तर. आम्ही घरात त्यांना जर्दाळूवाले काका म्हणतो. त्यांनी खिशातून आटे मोजायची दातेरी पट्टी काढली, नळीच्या टोकाला लावली आणि उजेडाकडे धरली. एका पात्याचे दात आट्यांत चपखल बसले. माझ्या नळीला अर्ध्या इंचाच्या व्यासावर इंचाला वीस आटे होते. युरोपातल्या रायफलींना बहुधा तेच असतात. सप्रेसर अमेरिकी मापाचा होता, इंचाला अठ्ठावीस आट्यांचा. दोघांचा व्यास सारखाच, म्हणून डोळ्यांना फरक दिसत नाही. जोर लावला असता तर नळीचे आटे तरी गेले असते, नाहीतर तो वाकडा बसला असता. वाकडा बसलेला सप्रेसर म्हणजे गोळी आतल्या चकतीला घासणार, आणि मग ती कुठे जाईल ते कोणी सांगावं! योग्य आटे असले तरी नवा सप्रेसर बसवल्यावर मी आता नळीतून सरळ सळई घालून ती टोकाच्या भोकात मधोमध येते का ते पाहतो. रायफल आधी रिकामी केलेली, बोल्ट काढून बाजूला ठेवलेला.

दुकानाने बदलून दिला तो सप्रेसर आट्यांना बरोबर होता, आणि आवाज खरंच उतरला. हे कसं होतं ते कुकरवरून पटकन कळतं. गच्च भरलेल्या कुकरचं झाकण एकदम उडालं तर स्फोट, तीच वाफ शिट्टीतून सावकाश गेली तर स्वयंपाक. नळीतून गोळीमागे सुटणारा तापलेला वायू सप्रेसरमधल्या एकामागून एक खोल्यांत पसरतो, थंड होतो, अडखळत बाहेर पडतो. हे पहिल्यांदा बाजारात आणलं अमेरिकेतल्या हिराम पर्सी मॅक्सिम यांनी, १९०९ च्या सुमारास. त्यांचे वडील मॅक्सिम मशिनगनचे जनक, आणि उतारवयात ते बहिरे झालेले. हे वाचलं तेव्हा मला त्या बापलेकाबद्दल फार जिव्हाळा वाटला.

मात्र सप्रेसर वायूचाच आवाज आवरतो. गोळीच ध्वनीपेक्षा वेगाने निघाली तर ती हवेत स्वतःचा कडाका करत जाते, आणि नळीच्या टोकाला काहीही लावा, तो जात नाही. आपल्याकडे दारात पोतराज यायचा, त्याचा आसूड हवेतच कडाडायचा ना, तो हाच आवाज. आसुडाचं टोक क्षणभर ध्वनीच्या पुढे जातं. म्हणून मी वेगवान गोळ्या सोडून सेकंदाला ३२८ मीटरच्या आसपास जाणाऱ्या घेतल्या. मार्चमध्ये त्या उत्तम चालल्या. जूनमध्ये एका रात्री एक गोळी पुटपुटल्यासारखी गेली आणि पुढची कडाडली. मग पुन्हा एक हळू, एक कडाडून. मला वाटलं सप्रेसर बिघडला.

बिघडलं काहीच नव्हतं. हवा गार झाली की ध्वनीचा वेगही उतरतो. पंचवीस अंशांना तो ३४६ मीटर असतो, उणे पाचला ३२८. उन्हाळ्यात मागे राहणारी माझी गोळी हिवाळ्यात त्याच रेषेवर येऊन ठेपली होती. एका डब्यातल्याही गोळ्यांचे वेग थोडेफार मागेपुढे असतात, त्यामुळे काही रेषेच्या अलीकडे राहात, काही पलीकडे जात. आता हिवाळ्यासाठी ३१५ ते ३२० मीटरच्या सबसॉनिक गोळ्या ठेवतो. त्या जास्त खाली पडतात. म्हणून पन्नास मीटरवर निशाणा लावलाय आणि त्यापलीकडे मी गोळी घालत नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या पन्नास मीटरांत आहे. सप्रेसरच्या वजनानेही निशाणा सरकतो. माझा चार सेंटिमीटर खाली आला होता. कागदावर पाहिल्याशिवाय सशावर नेम धरायचा नाही, हा घरचा नियम.

खरी चूक अजून पुढेच होती. तो सप्रेसर बंद होता, उघडता न येणारा. सात-आठ महिन्यांनी तो हाताला जड लागायला लागला. आणला तेव्हा वजन लिहून ठेवलं होतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. चाळीस ग्रॅमहून अधिक वाढला होता. पॉइंट टू टूची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते, वर मेणासारखं वंगण. दर बाराला थोडं शिसं, थोडी काजळी आत बसत जाते. ते चाळीस ग्रॅम तेच होतं.

काट्याशेजारी मुलीचा नाचणीच्या सत्त्वाचा डबा होता. ही म्हणाली, "हे शिसं आहे ना?" मी हो म्हणालो. तिने पुढे एक शब्द काढला नाही. काटा उचलून शेडमध्ये नेऊन ठेवला, ओटा तीनदा पुसला, पुसणं कचऱ्यात टाकलं आणि मुलीला कडेवर घेऊन बाहेर गेली. शिसं लहान मुलाच्या मेंदूला काय करतं ते मला माहीत होतं. मी तिचे कान वाचवायला निघालो होतो आणि विष तिच्या जेवणाच्या ओट्यावर आणून ठेवलं होतं. त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून ओसरलेलं नाही.

म्हणून दुसऱ्यांदा निवडायला गेलो तेव्हा किती डेसिबल हा प्रश्न मी शेवटी ठेवला. पहिला प्रश्न: हा उघडतो का, आणि घाण साचल्यावरही उघडतो का? दुकानातल्या मुलीने माझ्यासमोर एक नमुना सोडवून दाखवला. आतल्या आठ चकत्या एकमेकींत बसून बाहेरच्या नळीला काजळी लागू देत नव्हत्या, त्यामुळे नंतर त्या नळीला चिकटून बसत नाहीत. चकत्या स्टेनलेस स्टीलच्या, कवच अॅल्युमिनियमचं. सगळं अॅल्युमिनियम हलकं आणि स्वस्त पडतं, पण घासून साफ करायला नाजूक. टायटॅनियम हलकंही आणि टिकाऊही, किंमत मात्र माझ्या आवाक्याबाहेरची. लांबी पाहिली, कारण लांब नळी वेलींच्या तारांत अडकते. आवाज आवरण्यात तो पहिल्यापेक्षा किंचित उणाच आहे. पहिला बार जरा मोठाही होतो, आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू जळतो म्हणून. मला चालतं. मफ आता यूटमध्ये राहात नाहीत, कानावर असतात.

दर तीनशे गोळ्यांनी तो शेडमध्ये सोडवतो. हातमोजे, जुना शर्ट, दार उघडं. पहिल्या चकतीवर कढईच्या बुडाला बसतात तशी काळी, टणक पुटं असतात, आणि मधेमधे शिशाचे चमकते कण. शेवटच्या चकतीवर नुसती करडी धूळ. लाकडी काडीने खरवडून ओल्या कागदात घेतो, म्हणजे उडत नाही. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडच्या मिश्रणात चकत्या बुडवा, शिसं आपोआप विरघळतं, असं सांगणारे भेटतात. विरघळतं खरं, पण उरतो तो शिशाचा विषारी क्षार, कातडीतूनही अंगात जाणारा. ज्यांच्या घरी लेकरं आहेत त्यांनी तरी ते करू नये. मग थंड पाण्याने हात धुतो, शर्ट वेगळा धुतो आणि नंतरच मुलीला घेतो.

गेल्या महिन्यात जर्दाळूवाले काका माझ्याबरोबर मळ्यात आले होते. सोबत त्यांची म्हातारी कुत्री. दोन ससे वेलींच्या ओळीत बसलेले. मी एक गोळी झाडली, बोल्टचा खटका झाला, एक ससा जागीच पडला आणि दुसऱ्याने फक्त कान वर केले. कुत्री माझ्या पायाशी होती, तशीच बसून राहिली. काका माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, "झाडलीस?" त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. पन्नास वर्षं बागेत उघड्या कानांनी बार काढलेत त्यांनी. बायकोचं बोलणं ते आता ओठांवरून ओळखतात.

परतताना त्यांनी आपली रायफल यूटमधून काढली आणि मला नळीचं टोक दाखवलं. त्याला आटेच नव्हते. ते पाडून घ्यायला बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावी लागेल, असं मी मोठ्याने, त्यांच्या समोर उभा राहून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "माझे गेलेच," ते म्हणाले आणि वाकून कुत्रीचा कान दोन बोटांत धरला. "हिचे आहेत अजून."

मी खिशातली वही काढली आणि त्यांच्यासाठी लिहून दिलं: अर्धा इंच, वीस आटे.