तिलिस्मापासून विज्ञानकथेपर्यंत

"टीचर, मुलांना किस्से-कहाण्यांत गुंतवू नका. त्यांना अभ्यास करू द्या," असे एका पालकांनी मला एकदा सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता. आपल्या मुलीने शिकावे, पुढे जावे, अशीच त्यांची इच्छा होती. जे कधी घडले नाही ते वाचून मुलांना काय मिळणार, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधताना मला जे सापडले, ते आज तुम्हांला सांगते.

आपल्या उर्दूत अद्भुत कथांचा मोठा खजिना आहे. अमीर हमझाची दास्तान तुमच्यापैकी काहींनी नाना-नानींकडून ऐकली असेल. पूर्वी दास्तानगो ती तोंडी सांगत आणि लोक रात्र-रात्र ऐकत बसत. बादशहा अकबराला ही दास्तान इतकी आवडे की, त्याने तिच्यावर सुमारे १४०० चित्रे काढून घेतली. त्या कामाला जवळजवळ पंधरा वर्षे लागली. पुढे लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने ही दास्तान ४६ खंडांत छापली. 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा तिचाच एक भाग. मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिलेला त्याचा पहिला खंड १८८३ साली निघाला.

तिलिस्म म्हणजे जादूने उभारलेले जग. होशरुबाच्या तिलिस्मावर अफ्रासियाब या जादूगाराचे राज्य असते. त्याच्याशी लढणाऱ्यांत अमर अय्यार असतो. त्याच्या झंबीलमध्ये, म्हणजे थैलीत, काहीही मावते. लहानपणी मला ती झंबील हवीशी वाटे. मोठेपणी माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. तिलिस्म नुसत्या तलवारीने मोडत नाही. त्याची लौह, म्हणजे पाटी, शोधावी लागते. तिच्यावरील सूचना समजून घ्याव्या लागतात. जादूच्या जगालाही नियम असतात, आणि जो ते नियम ओळखतो तोच त्यातून बाहेर पडतो.

अशा कथा एका भाषेत अडकून राहत नाहीत. देवकीनंदन खत्री यांनी १८८८ साली हिंदीत 'चंद्रकांता' ही कादंबरी लिहिली. तीतही तिलिस्म आहे आणि अय्यार आहेत. १९९४ साली ती दूरदर्शनवर मालिकेच्या रूपाने आली, तेव्हा घरोघरी लोक ती पाहू लागले.

युरोपात विज्ञानाची प्रगती होऊ लागली, तशी अद्भुत कथाही बदलली. १८१६ सालच्या उन्हाळ्यात मेरी शेली ही अठरा वर्षांची इंग्रज तरुणी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी राहत होती. पाऊस थांबत नव्हता, बाहेर पडता येत नव्हते. सोबतच्या मंडळींनी एकेक भुताची गोष्ट लिहायचे ठरवले. त्या काळी विजेचे प्रयोग गाजत होते. विजेच्या स्पर्शाने मेलेल्या बेडकाचा पाय हलतो, हे लोकांना कळले होते. मेरीने त्यावरून 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी लिहिली. तिच्यात एक तरुण शास्त्रज्ञ निर्जीव देहात प्राण आणतो आणि मग आपणच घडवलेल्या जिवाला टाकून पळून जातो. ज्ञान मिळाले, पण जबाबदारी कोणी घ्यायची, हा तिचा प्रश्न आहे. पुस्तक १८१८ साली निघाले, तेव्हा त्यावर लेखिकेचे नावही नव्हते. आज मात्र पुष्कळ जण विज्ञानकथेची सुरुवात याच पुस्तकापासून मानतात.

मराठीतही विज्ञानकथा रुजली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या अनोळखी लेखकाच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. हा लेखक म्हणजे प्रत्यक्षात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर होते! आपल्या नावामुळे नव्हे, तर कथेच्या गुणांवर निकाल लागावा, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते. आकाशाचे गणित मांडणाऱ्या माणसालाही गोष्ट लिहावीशी वाटली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मला सर्वांत जवळची वाटते ती मात्र रुकय्या सखावत हुसेन यांची कथा. त्यांचा जन्म १८८० साली, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर भागात झाला. त्यांच्या घरी मुलींना इंग्रजी शिकवत नसत. सगळे झोपले की थोरला भाऊ त्यांना गुपचूप शिकवी. त्याच इंग्रजीत त्यांनी 'सुलतानाज ड्रीम', म्हणजे 'सुलतानाचे स्वप्न', ही कथा लिहिली. ती १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात छापून आली.

सुलताना स्वप्नात एका स्त्रियांच्या देशात जाते. तिथे स्त्रिया राज्य चालवतात आणि पुरुष घरात पडद्यात राहतात. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, त्यामुळे घरात धूर नसतो. ढगांतून पाणी ओढून घेतात. लोक उडत्या गाडीतून प्रवास करतात. राइट बंधूंचे विमान पहिल्यांदा हवेत उठले ते १९०३ साली, म्हणजे ही कथा छापून येण्याच्या अवघी दोन वर्षे आधी! पण या सर्व शोधांपूर्वी त्या देशाची राणी एक काम करते. ती मुलींसाठी शाळा काढते.

पतीच्या निधनानंतर १९११ साली रुकय्यांनी कलकत्त्यात खरोखरच मुलींची शाळा सुरू केली. तेव्हा तिथे फक्त आठ मुली होत्या, आणि शिकवण्याची भाषा उर्दू होती. मुलींना आणण्यासाठी एक बंद गाडी केली. ती इतकी बंद होती की, आत मुलींचा जीव गुदमरे, त्यांना चक्कर येई. म्हणून गाडीला पडदे लावले, तर वाऱ्याने पडदे उडतात म्हणून तक्रारींची पत्रे आली. रुकय्यांनी शाळा बंद केली नाही. सखावत मेमोरियल ही त्यांची शाळा आज कोलकात्यात सरकारी शाळा म्हणून चालू आहे. ९ डिसेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. बांगलादेशात तो दिवस 'रुकय्या दिन' म्हणून पाळतात.

मुलांनो, अशा गोष्टी वाचून गणित आपोआप सुटत नाही. अभ्यासाला दुसरा उपाय नाही. पण अभ्यास कशासाठी करायचा, हे मात्र अशा गोष्टींतून कळते. जग आज जसे आहे तसेच ते राहिले पाहिजे असे नाही, ही पहिली जाणीव गोष्ट देते. ते बदलायचे कसे, हे ज्ञान शिकवते. उडत्या गाडीचे स्वप्न पाहायला धाडस लागते. आठ मुलींच्या गाडीचे पडदे सांभाळत शाळा चालवायला त्याहून मोठे धाडस लागते. रुकय्यांनी दोन्ही केले.