देणगीचे दूध

परवा नातीने दुधाचा पेला तसाच ठेवून दिला आणि आम्हांस वडोदऱ्याची आमची शाळा आठवली. १९६० नंतरची ती वर्षे. मधल्या सुट्टीत पटांगणाच्या कोपऱ्यात, दूरदेशीच्या दात्यांनी धाडलेल्या भुकटीचे दूध मोठ्या पातेल्यात ढवळले जाई. त्यात गुठळ्या राहत आणि तळाला करपल्याचा वास येई. एकदा आम्ही आपला पेला निमूटपणे लिंबाच्या मुळाशी रिता केला. मास्तरांनी ते पाहिले आणि फुकटची किंमत नसते यावर आम्हांला तास संपेपर्यंत ऐकविले.

घरी दूध घालणाऱ्या बा शहराबाहेरच्या खेड्यातून येत. एकच म्हैस, तिच्यावर सारा संसार. शाळेतील दुधाची हकीकत ऐकून त्या हसल्या नाहीत. परदेशातून दूध फुकट येऊ लागले, तर आमचे कोण घेणार, एवढेच त्यांनी आईला विचारले. आईपाशी उत्तर नव्हते. आमच्यापाशी तर प्रश्नही नव्हता.

तो प्रश्न पुढे मोठमोठ्यांना पडला, हे आम्हांस फार उशिरा कळले. वडोदऱ्याहून आगगाडीने तासाभराच्या आत आणंद येते. तेथे १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने खेडा जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला होता. १९५५ साली त्याची जी दुग्धशाळा सुरू झाली, तिच्या यंत्रसामग्रीला युनिसेफचे साहाय्य होते. बदल्यात संघाने परिसरातील मुलांना मोफत दूध वाटावे, असा करार होता. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी जाणकार सांगत, एच. एम. दलाया यांनी ती करून दाखविली. दान आले ते यंत्राच्या रूपाने, आणि गावकऱ्यांचे दूध त्या यंत्रात गेले. आमच्या पातेल्यातील दानाहून हे दान निराळे होते.

पुढे युरोपात भुकटीचे आणि लोण्याचे डोंगर साचले. ते भारतात फुकट ओतले गेले असते, तर बांसारख्यांचा धंदा बुडालाच असता. वर्गिस कुरियन यांनी भय ओळखले, पण दान नाकारले नाही. १९७० साली सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेत जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल यावयाचे ठरले. ते वाटावयाचे नव्हते. त्याचे दूध करून मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथे विकायचे, आणि आलेल्या पैशातून दुग्धशाळा, शीतकेंद्रे, पशुखाद्याचे कारखाने व गावोगावच्या मंडळ्या उभारायच्या. दात्याचाच माल विकून दानाची गरज संपविण्याचा हा व्यवहार आम्हांस मोठा चतुर वाटतो. त्यावर पुढे कडाडून टीका झाली, सरकारने झा समिती नेमली. परदेशी भुकटीची सवय लागेल, ही टीकाकारांची शंका अगदीच अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. १९९८ साली मात्र दुधाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आला.

नोकरीला लागल्यावर एका संध्याकाळी आम्ही बांच्या गावी गेलो. मंडळीपुढे कळशा घेतलेल्या बायकांची रांग होती. जातीपातीचा विचार न करता जी आधी आली ती पुढे, हे पाहून आम्ही अंमळ चकितच झालो. प्रत्येकीच्या दुधाचा चिमूटभर नमुना काढीत, स्निग्धांश पाहत, आणि सकाळच्या दुधाचे पैसे तिथेच हातात पडत. आमची नजर मात्र बांना शोधत होती.

बा ओट्यावर बसलेल्या आढळल्या. मंडळी येण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांनी म्हैस विकली होती. चारा महाग झाला होता, आणि शहरातील दोन-तीन घरांनी दूध बंद केले होते. त्या घरांत आमचेही एक होते. "तुमची आई बरी आहे ना?" असे त्यांनी विचारले, आणि पुतण्याच्या सुनेने मंडळीत घालून उरलेले दूध चहात टाकून आम्हांस दिले.

नातीचा पेला अखेर आम्हीच संपविला.