नानांचे सहा गठ्ठे

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" अशी आमच्या गावाबद्दल एक जुनी म्हण आहे. बाहेर जमलं तर ठीक, नाहीतर परभणी आहेच. आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तो साधारण याच हिशेबाने. २००३ साली नाना, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कार्यालयातून रिटायर झाले. कारकून म्हणून लागले आणि शेवटची नऊ वर्षं रेकॉर्ड रूममध्ये होते. फंडाचे पैसे हातात आले तेव्हा आईला वाटलं होतं की आता घराला रंग लागेल. नाना म्हणाले, "कॉम्प्युटर घेऊ. आलं तर आलं, नाही तर टीव्हीवानी ठेवू."

तर त्या दिवाळीला मी पुण्याहून घरी आलो तेव्हा बैठकीत खोकी येऊन पडली होती. पेंटियम ४, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्डडिस्क, विंडोज एक्सपी आणि पोटाने जाडजूड असा १५ इंची मॉनिटर. आजच्या साध्या फोनपुढे हे काहीच नाही, पण तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले होते.

जोडणी सोपी होती. त्या काळात रंग ठरलेले असत. कीबोर्डची पिन जांभळी, माउसची हिरवी, मॉनिटरची निळी. नानांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. खरी अडचण भिंतीत निघाली. प्लग तीन पिनांचा, भिंतीतल्या सॉकेटला भोकंही तीन, पण तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नव्हती! जुन्या घरांत हे फार असायचं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. मग वायरमन आला, अंगणात खड्डा केला, कोळसा आणि मीठ घालून पट्टी पुरली आणि अर्थिंग झालं. आई म्हणाली, "वास्तुशांतीलाबी एवढा खड्डा केला नव्हता."

त्यानंतर लोडशेडिंग. त्या वर्षांत मराठवाड्यात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. यूपीएस पीं पीं करायला लागला की हातात दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायचं. नानांना एक गोष्ट कधीच पटली नाही. "बंद करायला स्टार्ट कामून दाबायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे. कूलरची ओली हवा मशीनवर जाऊ नये म्हणून टेबल दोनदा हलवलं. धूळ बसते म्हणून आईने शिवलेलं कापडी कव्हर चालू मॉनिटरवर घालू नये, हे तिला समजावण्यात एक अख्खी सुट्टी गेली. असो.

नाना रीतसर शिकले. एमकेसीएल २००१ साली स्थापन झालं आणि त्यांचा एमएस-सीआयटी हा कोर्स पाहता पाहता तालुक्या-तालुक्याला पोचला. नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागायला लागलं, त्यामुळे बॅचमध्ये सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं आणि त्यांच्यात एकटे नाना. ती पोरं त्यांना आधी काका म्हणायची, महिन्याभराने सर म्हणायला लागली. त्याला कारण होतं. सर सगळ्या पायऱ्या वहीत लिहायचे आणि परीक्षेच्या आधी ती वही झेरॉक्सच्या दुकानात फिरायची.

मी घरी येऊन त्यांना शिकवायला बसलो की माझी पद्धत एकच. हे क्लिक करा, मग हे, मग ओके. नाना ऐकून घ्यायचे. एक दिवस म्हणाले, "हे सगळं खरं रे. पण मला सांग, कागद ठेवायचा कुठं?"

मी म्हणालो, "माय डॉक्युमेंट्समध्ये."

"आणि ते कुठं असतं?"

"सी ड्राइव्हवर."

"आणि विंडोज कुठं असतं?"

"तेही सी वरच."

नाना थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "म्हंजे साहेबाच्या खोलीतच रेकॉर्ड. साहेब बदलला की रेकॉर्ड बाहेर." आणि त्यांनी सगळं डी ड्राइव्हवर न्यायचं ठरवलं.

इथे थोडं सरकारी दफ्तराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत 'सहा गठ्ठे पद्धत' म्हणून एक रीत आहे. टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. प्रलंबित, म्हणजे ज्यांवर आपल्याला काम करायचंय. प्रतीक्षाधीन, म्हणजे ज्यांचं उत्तर दुसऱ्याकडून यायचंय. नियतकालिकं, म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं. स्थायी आदेश. रेकॉर्ड रूमला पाठवायची प्रकरणं. आणि नष्ट करायचे कागद. रेकॉर्ड रूममध्ये गेलेल्या कागदांचेही वर्ग असतात. अ म्हणजे कायम जपायचा, ब ३० वर्षं, क दहा किंवा पाच वर्षं आणि ड एका वर्षानंतर फाडायचा. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाच्या मांडणीची आणि दफ्तराची अशीच शिस्त लावली. ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली. नानांच्या पिढीच्या कारकुनांनी त्याबद्दल ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं होतं.

तर डी ड्राइव्हवर सहा फोल्डर झाले. लाइट बिल, पेन्शनचे अर्ज, गॅसची तक्रार हे 'प्रलंबित'मध्ये. अर्ज दिला की फाइल 'प्रतीक्षाधीन'मध्ये. हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात, तो 'नियतकालिक'मध्ये. आईच्या औषधांची यादी आणि बँकेच्या खात्यांचे नंबर 'स्थायी'मध्ये. निकालात निघालेलं सगळं 'रेकॉर्ड'मध्ये, वर्ग टाकून. आणि सहावा गठ्ठा दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी रिकामा.

नावं देताना एक गोष्ट त्यांनी स्वतः शोधून काढली. आपण तारीख लिहिताना आधी दिवस लिहितो. पण कॉम्प्युटर नावाच्या पहिल्या आकड्यापासून रांग लावतो, त्यामुळे जानेवारी आणि नोव्हेंबर एकमेकांत मिसळतात. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की फाइली आपोआप क्रमाने उभ्या राहतात. "आवक रजिस्टरवानी," नाना म्हणाले.

२००५ मध्ये कुठूनसा व्हायरस आला आणि मशीन सुरूच होईना. दुकानातून आलेला मुलगा म्हणाला, "काका, फॉरमॅट मारावं लागंल. सगळं जाईल." नाना शांतपणे म्हणाले, "सी चं मार. डी ला हात लावू नको." तासाभरात नवी विंडोज पडली आणि सहाही गठ्ठे जागच्या जागी.

याशिवाय एक रजिस्टर होतं. कागदी, लांबलचक, लाल पुठ्ठ्याचं. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची त्यात नोंद. अनुक्रमांक, नाव, कोणत्या फोल्डरात, कोणत्या सीडीवर प्रत आहे आणि शेवटचा रकाना 'फाँट'. सीडीच्या दोन प्रती निघायच्या. एक घरात, एक सेलूला आत्याकडे. दसऱ्याला कीबोर्डला हळदकुंकू लागायचं आणि त्याच आठवड्यात नवी सीडी भरायची. मला या सगळ्याची गंमत वाटायची. कॉम्प्युटरची नोंद कागदावर! मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, "शोधणारा मी नसणारे ना."

फाँटच्या रकान्याचंही सांगतो. नाना मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेले, टाइपरायटरचा कीबोर्ड बोटांत बसलेला. त्या वेळची मराठी सॉफ्टवेअर तोच कीबोर्ड देत, म्हणून त्यांना ती जवळची वाटली. पण त्यांत एक मेख होती. श्रीलिपी असो, आकृती असो, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी आपापली. कॉम्प्युटरच्या लेखी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची, फाँट त्यांना फक्त मराठीचं रूप चढवायचा. फाँट नसला की उरायची नुसती आरडाओरड. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. एक्सपीमध्ये ते चालायचं, पण सीडी घालून भाषेच्या फाइली वेगळ्या टाकाव्या लागत. नाना २००७ मध्ये तिकडे वळले, नातीला मराठीत मेल करायची म्हणून. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकताना त्यांनी पहिला शब्द लिहिला 'परभणी'. एच, जे, शिफ्ट-वाय, शिफ्ट-सी, आर. एकसष्ट-बासष्टाव्या वर्षी पुन्हा टायपिंगचा क्लास, आणि तोही स्वतःच घेतलेला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. नात्यातले जे हे वाचतात त्यांना ती ठाऊक आहे, पण सगळी एका जागी कोणी सांगितलेली नाही.

मानवतकडच्या आमच्या शेतात एक विहीर आहे. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले तेव्हाचा एक कागद घरात होता, उर्दूत लिहिलेला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, दफ्तराची भाषा उर्दू. आजोबांना ती येत होती, नानांना जेमतेम, मला अजिबात नाही. २००४ मध्ये नानांनी एका वयस्क ओळखीच्या गृहस्थांना घरी बोलावलं. दोन दुपारी ते वाचत होते, नाना मराठीत टाइप करत होते. पुढे तो मूळ कागद वाळवीने खाल्ला आणि वाचणारे गृहस्थही गेले. अशा कागदांचं मोल काय असतं ते सगळ्या मराठवाड्याने २०२३ मध्ये पाहिलं. निजामकाळातल्या नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली.

नाना २०१८ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी दुष्काळाच्या झळेत विहिरीवरून चुलत घराशी कुरबुर सुरू झाली. आमच्याकडची समजूत अशी की विहीर आमची, त्यांना पाणी देतो ते नात्याखातर. त्यांचं म्हणणं, निम्मी आमचीच. दोन लग्नांना एकमेकांकडे कोणी गेलं नाही.

मी रजिस्टर काढलं. 'रेकॉर्ड, वर्ग अ, विहीर, आप्पांचा कागद, मराठी तर्जुमा.' मशीन केव्हाच बंद पडलेलं. जुन्या पद्धतीची हार्डडिस्क, तिला यूएसबीची जोडणी पुण्यातून आणली. डिस्क फिरली. फाइल उघडली, तर पडद्यावर सगळी चिन्हं आणि विचित्र अक्षरं. शेवटच्या रकान्यात फाँटचं नाव होतं आणि रजिस्टरच्या मागच्या पाकिटात त्याची सीडी. फाँट टाकला आणि मराठी उभं राहिलं.

त्यात लिहिलं होतं की विहीर दोघांची, पाळी चार-चार दिवसांची, आणि वाट धाकट्याच्या हद्दीतून असल्यामुळे तिचा मान त्याचा. म्हणजे कागद आमच्या बाजूचा नव्हता.

नानांना हे चौदा वर्षं माहीत होतं. एवढी वर्षं पाणी मागायला आलेल्या चुलत्यांना त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. आणि तो कागद त्यांनी सहाव्या गठ्ठ्यात टाकला नाही. दर महिन्याला रिकामा होणारा गठ्ठा शेजारीच होता, एक क्लिक पुरलं असतं. त्यांनी त्याला 'अ' दिला.

मी ती फाइल युनिकोडमध्ये बदलून घेतली, प्रिंट काढली आणि चुलत भावाच्या घरी घेऊन गेलो. त्याने वाचली, वहिनीला वाचायला दिली. पुढच्या गुढीपाडव्याला पाळी चार-चार दिवसांची ठरली आणि ती अजून तशीच चालू आहे. सगळं गोड झालं असं नाही म्हणत, पण येणंजाणं सुरू झालं.

आता कोणी मला विचारतं की कॉम्प्युटर लावून द्या, तर मी बटणांपासून सुरुवात करत नाही. सिस्टिम आणि आपले कागद वेगळ्या जागी ठेवा. नावात वर्ष आधी लिहा. प्रत तीन ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर. मराठी युनिकोडमध्येच लिहा. महिन्यातून एकदा कचरा काढा, पण काढण्याआधी तो खरंच कचरा आहे ना ते बघा. आणि काय कुठे आहे याची एक यादी कागदावर लिहून घरात दुसऱ्या कोणाला तरी दाखवून ठेवा. फोन आणि क्लाउडच्या दिवसांत हे आणखी गरजेचं झालंय, कारण आता आपल्या पासवर्डमागे काय दडलंय ते घरात कोणालाच माहीत नसतं.

माझ्या यादीची एक प्रत बायकोकडे आहे, एक सेलूला. ताई, तुझी अजून आलेली नाही.