कान्हच्या काठाकाठानं

अवंतिका एक्सप्रेस सकाळी इंदूरला पोचते तोवर शहराची झाडलोट उरकलेली असते. स्टेशनाबाहेर चहा घेतला आणि रिकामा कागदी पेला हातात धरून इकडेतिकडे बघत राहिले, तर चहावाल्यानंच तो काढून घेतला आणि ओल्या-सुक्याचे दोन डबे दाखवले. 2017 पासून या शहरानं स्वच्छ सर्वेक्षणातलं अव्वल स्थान सोडलेलं नाही, आणि त्याचा अभिमान महापौरापासून भेळवाल्यापर्यंत सगळ्यांना आहे. रिक्षावाल्यानं मला आधी पोहे-जलेबीकडे वळवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, कृष्णपुऱ्याला चला, नदी बघायचीय. ‘‘नदी?’’ आरशातून माझ्याकडे बघत तो म्हणाला, ‘‘दीदी, वो तो नाला था. अब ठीक है. पर देखने जैसा क्या है?’’

कृष्णपुऱ्याला होळकरांच्या छत्र्या आहेत. घडीव दगड, कोरीव खांब, आणि खाली कान्ह. जुन्या कागदांत हिचं नाव खान असं येतं. जवळच सरस्वती तिला मिळते, आणि या दोन नद्यांच्या आधारानंच जुनं इंदूर वाढलं. फेब्रुवारीतलं पाणी काळपट हिरवं होतं. वाहतंय की थांबलंय हे कळायला वाळकं पान टाकून बघावं लागलं. वास होता, पण नाकाला पदर लावावा इतका नाही. माझं बालपण कुर्ल्यात मिठीच्या काठी गेलं, त्यामुळे या बाबतीत माझ्या नाकावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

याच शहरात 1917 मध्ये प्लेगच्या दिवसांत पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार आला होता. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. इंदूरचे लोक त्याच्याकडे संशयानं बघत, म्हणून त्यानं महाराजांकडून एका दिवसाचं राज्य मागून घेतलं. मग जाहीर केलं, की दिवाळीची मिरवणूक ज्या भागातली घरं आणि गल्ल्या जास्त स्वच्छ असतील तिकडून जाईल. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि शहर झाडणारे लोक पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हारतुऱ्यांसह मानानं चालत होते. शेवटी उंदीर जाळला. आजच्या स्वच्छता मोहिमांची सगळी हिकमत मला या एका मिरवणुकीत दिसते. स्पर्धा, तमाशा, मानपान, सगळं आलं. 1918 च्या त्याच्या अहवालात नद्यांचे काठ आणि बागा यांवर पानंच्या पानं आहेत. महागड्या भुयारी गटारांवर मात्र त्याचा भरवसा नव्हता. मैला मातीत जावा, बागेत जावा, असं त्याचं म्हणणं. (पुढच्याच दशकात अल्बर्ट हॉवर्डनं इथेच कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना इंदूर माहीत झालं ते बऱ्याचदा त्या कंपोस्टच्या खड्ड्यामुळेच.)

मला ओढ होती ती मात्र दुसऱ्या एका माणसाच्या कामाची. हिमांशु पारीख हे स्थापत्य अभियंते. 1989 च्या सुमाराला इंदूर विकास प्राधिकरणानं ब्रिटिश मदतीच्या पैशातून त्यांच्या कल्पनेवर काम सुरू केलं. कल्पना अशी, की झोपडपट्ट्या बहुतेक वेळा ओढ्या-नाल्यांच्या आणि नद्यांच्या काठी, म्हणजे शहराच्या सखल भागात असतात, कारण ती जागा दुसऱ्या कुणाला नको असते. पण पाण्याचा नैसर्गिक उतारही तिथूनच जातो. मग साऱ्या शहराची गटारं या वस्त्यांमधूनच उतारानं नेली तर पंपांचा खर्च वाचेल, वस्तीतल्या घरोघरी संडास जोडता येईल आणि नदीही साफ राहील. म्हणजे वस्ती सुधारणं हे शहरावरचं ओझं नाही, शहराचं गटार नीट चालवण्याचा तोच स्वस्त मार्ग आहे. गल्लीतले रस्तेसुद्धा घरांच्या जोत्यापेक्षा खाली खणून केले, म्हणजे पावसाचं पाणी घरात न शिरता रस्त्यावरूनच वाहून जावं. 183 वस्त्या आणि साडेचार लाख माणसं या कामाच्या कक्षेत आली. 1998 मध्ये याला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. सोहळा झाला स्पेनमध्ये, ग्रॅनडाच्या अलहंब्रात. चारच वर्षांनी गीता दिवाण वर्मा यांनी ‘स्लमिंग इंडिया’ या पुस्तकात याच प्रकल्पाची चिरफाड केली. बक्षीस कागदावरच्या आराखड्याला मिळालं, जमिनीवर गटारं तुंबलेली आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दोन्ही वाचून झाल्यावर जाऊन बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या मागच्या बाजूला एका वस्तीत गेले. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बायकांनी तेवढं एकच बजावलं होतं. गल्ली इतकी अरुंद, की समोरून दुधाची सायकल आली तर एकानं कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. एका दारात मराठी ऐकू आलं म्हणून थांबले. आजी मूळच्या खानदेशातल्या, लग्न होऊन इथे आलेल्या. नवरा हुकुमचंद मिलमध्ये होता. मिल 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. ‘‘पैसे आले तवा ते नव्हते,’’ इतकंच त्या म्हणाल्या आणि मला आत बसवलं.

गटाराचा विषय काढल्यावर मात्र त्यांना थांबवावं लागलं नाही. ‘‘आला होता ना पाईप. दारापावतर आला. साहेब लोक म्हणे, संडास तुम्ही बांधा. बांधायला जागा कुठे? दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं. ज्यांनी बांधले त्यांच्या चेंबरमधून पावसात उलटं वर यायचं. अन् पाणीच येत नव्हतं, तर संडासात ओतायचं काय?’’ मग त्या काय करत होत्या, हे विचारायची गरज नव्हती. त्यांच्या मोठ्या सुनेनं चहा ठेवता ठेवता सांगितलं, की लग्न करून आली तेव्हा पहाटे चारला सासूबरोबर रुळाकडे जायची आणि दिवसभर पाणी कमी प्यायची. आता जिन्याखाली साडेतीन फुटांचा संडास आहे, दाराला कडी आहे. मुलगी बारावीला आहे, तिला रूळ कधी बघावे लागले नाहीत. हे सांगताना ती हसत होती, आणि मला पुरस्काराच्या वादात कुणाची बाजू घ्यावी ते कळेना.

त्या आजींच्या बोलण्यात प्रकल्प का फसला हे सगळं आलेलं होतं. मैलावाहिनी पाण्यावर चालते. माणशी बादलीभर पाणी मिळत असेल, तर उतार कितीही अचूक असला तरी मैला मधेच बसतो. दारापर्यंत पाईप प्राधिकरणानं आणला. दारापासून संडासापर्यंतचे पाच-सात फूट ज्यानं त्यानं बघायचे होते, आणि तेवढ्याच अंतरात घरातला पैसा, जागा, भाऊबंदकी आणि घर उद्या पाडतील का ही भीती, असं सारं आडवं येतं. काम संपल्यावर वाहिन्या महापालिकेच्या गळ्यात पडल्या. तिनं त्या मनापासून घेतल्या नाहीत. दुसऱ्यानं टाकलेल्या गटाराचं चेंबर उपसायला कोण धावत येणार?

पुढच्या पिढीनं काम दुसऱ्या टोकाकडून केलं. महापालिकेनं नदीत आणि नाल्यांत उघडणारी सांडपाण्याची तोंडं शोधून, तिच्याच हिशेबानं सात हजारांहून जास्त, एकेक करून बंद केली आणि वाहिन्यांना जोडली. कबीटखेडीला दिवसाला 24 कोटी 50 लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र चालू आहे. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय न सोडणारं म्हणून 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं. काठावरच्या काही वस्त्या या भरात हलवल्या गेल्या, त्यांची गणती बक्षिसांत होत नाही. तरी मी म्हणेन, काम खरं आहे. कबीटखेडीच्या बाहेर उभी राहिले तेव्हा वाऱ्यावर फक्त क्लोरीनचा वास येत होता.

तिथून शहरातल्याच भागीरथपुऱ्यात गेले आणि मनातला हा सगळा हिशेब विसकटला. 2025 च्या डिसेंबरअखेर इथे नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं. शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले, काही दगावले. पोलीस चौकीच्या शौचालयाखालून जाणाऱ्या मुख्य जलवाहिनीला गळती सापडली. मी गेले तेव्हा गल्लीत नवे निळे पाईप टाकणं चाललं होतं, खणलेल्या चरांवर फळ्या टाकून लोक ये-जा करत होते. एका घरात गॅसवर मोठं पातेलं उकळत होतं. ताई म्हणाली, ‘‘महिन्याला सिलिंडर लवकर संपतो आता. पर रिस्क कौन ले?’’ पहिल्या दिवशी पाणी कडू लागलं तेव्हा तिला वाटलं, पालिकेनं औषध जास्त टाकलं असेल.

इंदूरला पाणी येतं ते नर्मदेचं. जलूदहून सत्तरेक किलोमीटर येऊन आणि विंध्याचा चढ चढून ते 1978 पासून इथे पोचतं. इतकं महाग पाणी, म्हणून बहुतेक भागात एक दिवसाआड सुटतं. नळ बंद असतो तेव्हा पाईप रिकामा राहतो, आणि रिकामा पाईप सांध्यातून बाहेरचं ओढून घेतो. शेजारून फुटकं गटार गेलेलं असलं की झालं. दाट वस्तीत पाणी आणि मैला यांचे पाईप एकाच चिंचोळ्या चरात, वर-खाली टाकलेले असतात, कारण दुसरी जागाच नसते. हे इंदूरचं खास वैगुण्य नाही. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही जुन्या वस्तीत मोटार लावून पाणी खेचणाऱ्या घराला हा धोका रोजचा आहे. फक्त इंदूरच्या गळ्यात पदकं होती, म्हणून देशभर गाजलं. नदीत पडणारी तोंडं मोजता येतात, त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो काढता येतात. जमिनीखाली तीन फुटांवरची गळती पाहणीला आलेल्या पथकाला दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही भागीरथपुरा झाला नसता तर दिसली नसती.

कान्ह पुढे सांवेर ओलांडून उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत उतरते. तिथे एसटीसारख्या खडखडाटी बसनं गेले. दोन्हीकडे गव्हाची पिवळी पडत चाललेली शेतं आणि लसणाचा वास. शेजारी बसलेले काका सांवेरचे शेतकरी. बोअर आटला की नदीचंच पाणी पिकाला देतात. ‘‘भाजीला देत नाही हो, गव्हाला देतो,’’ असं त्यांनी न विचारता सांगितलं.

त्रिवेणीला शनिमंदिर आहे. इंदूरचं पाणी रामघाटावरच्या स्नानाला नको, म्हणून 2016 च्या सिंहस्थाआधी कान्ह पाईपलाईनीनं उज्जैनला वळसा घालून पुढे नेली. तेही पुरलं नाही. संगमावर मातीचा बांध घालायचा आणि पाण्याचा लोट आला की तो वाहून जायचा, असं चालत आलेलं. आता 2028 च्या सिंहस्थासाठी बंद नळी आणि बोगद्याचं कोट्यवधींचं काम काढलंय. कान्हचं पाणी शहराबाहेरून थेट पलीकडे नेणार. काकांना विचारलं, पलीकडे म्हणजे कुठे? ते म्हणाले, ‘‘पलीकडेपण गावंच आहेत की. माझ्या साडूचं शेत तिकडेच आहे.’’

काठावर एक पोकलेन त्या बांधावर माती ओतत होता. ऑपरेटर उतरून विडी पेटवायला आला तेव्हा त्याच्याशी बोलले. मागच्या खेपेलाही माती त्यानंच टाकली होती म्हणे. बांध टिकेल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, ते पाणीवाल्या साहेबांना विचारा, आपलं भाडं तासावर आहे.