पिवळ्या क्रीमचा खटला

विको टर्मरिक हे हळदीचं क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, हा प्रश्न सरकारने काढला तो करापोटी. प्रसाधनांवर उत्पादन शुल्क भरमसाट होतं, आयुर्वेदिक औषधांवर कमी. तेव्हा औषध म्हणवून घेणं हे कर वाचवण्याचं सोंग, असं कुणालाही वाटेल. मला मात्र विको चालवणाऱ्या पेंढरकर कुटुंबाचा धंदा याच हट्टावर टिकलेला दिसतो. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 साली मुंबईत सुरुवात केली ती दातांच्या पावडरीपासून. हळदीचं क्रीम आलं सत्तरच्या दशकात, औषधनिर्माण शिकलेल्या गजानन पेंढरकरांच्या हातून. अफगाण स्नोच्या जमान्यापासून क्रीम म्हणजे पांढरंच. इथे ट्यूब दाबली की बोटावर पिवळा ठिपका, आणि गिऱ्हाइकाला धास्ती तोंड पिवळं होण्याची. नुसतं प्रसाधनच खपवायचं असतं तर हा रंग लपवण्यात शहाणपण होतं. यांनी तो मिरवला, आणि हे कॉस्मेटिक नव्हे असं जाहिरातीत चक्क गाऊन सांगितलं.

कारखाना डोंबिवलीला, म्हणून वाद ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात गेला. तिथे कंपनी जिंकली; पुढे 1985 च्या नव्या शुल्क कायद्याचा आधार घेऊन खात्याने तो पुन्हा उकरला. अखेर 2004 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते एवढ्यावरून वस्तू औषध नाही असं ठरत नाही. बरोबरच आहे, ओवा आणि सुंठ आपण कधी चिठ्ठीवर आणली?

खरा अडचणीचा आक्षेप वेगळाच आहे: जाहिरातीत दिसते ती हळद लागलेली नवरी, रोगी नव्हे. मग औषध कसलं? पण रूप आणि आरोग्य यांच्यातली ही भिंत शुल्काच्या तक्त्यातली आहे. या क्रीममध्ये हळदीबरोबर चंदनाचं तेल असतं. चरकसंहितेत चंदन ‘वर्ण्य’, म्हणजे कांती सुधारणाऱ्या गणात येतं आणि हळद ‘कुष्ठघ्न’, म्हणजे त्वचारोगांवरच्या गणात. दोन्ही औषधंच. नवरीच्या उजळ रंगाचं आमिष कंपनीने पुरेपूर वापरलं, ते मला खटकतं. पण ते आमिष आपल्या घरांत आधीपासून होतं. राहिला कर. तो वाचला, नाकारायचं कारण नाही. मात्र आयुर्वेदिक परवाना घेतला की घटकद्रव्यं कायद्याने मान्य केलेल्या ग्रंथांतलीच घ्यावी लागतात. दर हंगामाला नवं फळ, नवं फूल घालून डबी बदलण्याची प्रसाधनवाल्यांची मोकळीक मग उरत नाही.