रुईच्या पानाखाली

वर्गातल्या तक्त्यावर फुलपाखराचं जीवनचक्र गोल काढलेलं असतं. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. त्या चित्रातलं प्रत्येक अंडं फुलपाखरू होतंच. बाहेर तसं होत नाही, आणि मुलांना बाहेर न्यायचं ते मुख्यतः यासाठीच, असं मला इतकी वर्षं शिकवल्यावर वाटतं.

शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई आमच्या कुंपणापाशी आपोआप उगवते. श्रावणात तिची पानं उलटून पाहावीत. बिबळ्या कडवा फुलपाखराची मादी तिथं एकेक सुटं अंडं घालते. अळी बाहेर येते, आधी अंड्याचं कवच खाते आणि मग पानाला लागते. रुईचा चीक विषारी (मुलांना हात धुवायला लावावेत, डोळ्यांना लावू देऊ नयेत). अळी पानाची शीर कुरतडते, चीक तिथंच गळून जातो आणि पुढचा भाग तिला खाता येतो. तरी थोडं विष अंगात साठतंच, म्हणून बहुतेक पक्षी तिला टाळतात. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ती अळी भर उजेडात बसलेली असते. “बाई, ही लपत का नाही?” हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. कुठल्याही धड्याखालच्या स्वाध्यायापेक्षा मला तो मोलाचा वाटतो.

मग एखाद्या कोषातून फुलपाखरू येतच नाही, माशीच्या अळ्या बाहेर पडतात. अळी पान खात होती तेव्हा त्या तिला आतून खात होत्या. मुलं हिरमुसतात, कुणी रडतंही. अशा वेळी घाईनं समजूत घालू नये. त्या माशीचंही एक चक्र आहे, हे थोड्या वेळानं मुलंच बोलून दाखवतात.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात. एका दिवसाच्या सहलीत यातलं काय दिसणार? रोज तेच झुडूप पाहायला हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, शाळाच मुलांमागून रानात नेली. आपल्याला तर कुंपणापर्यंतच जायचं आहे.

पण नेमक्या याच दिवसांत, 15 ऑगस्टच्या झेंडावंदनासाठी मैदान साफ होतं आणि गवताबरोबर रुईही उपटली जाते. मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: यंदा ती कुंपणाकडची रुई तेवढी राहू द्या.